ट्रॉली किती टनाची घ्यावी, आणि तिच्यात भाड्याचा माल चालतो का?

पारोळा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. घरी ४२ एचपीचा ट्रॅक्टर, आठ एकरांत कपाशी आणि मका. आता ट्रॉली घ्यायची आहे, तर दोन चाकी घ्यावी की चार चाकी, आणि किती टनाची? उन्हाळ्यात ट्रॅक्टर दारात उभा ठेवण्यापेक्षा विटा-मुरूम भाड्याने टाकायचा विचार आहे, त्याला ‘कमर्शियल’ पासिंग लागेल का? शिवाय गावाजवळचा एक वेल्डिंगवाला पंचवीस हजार कमी घेऊन बिनकागदाची ट्रॉली द्यायला तयार आहे, ती घ्यावी का?

भाऊ, मी अमळनेर-चोपडा पट्ट्यात सव्वीस वर्षं ट्रॉल्या बनवतो आणि दुरुस्त करतो. पासिंगसाठी आरटीओच्या रांगेतही उभा राहिलोय. वर्कशॉपात येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच करतो: “कितला माल बसस?” किती बसतो ते पत्रा बघूनच कळतं. भरलेली ट्रॉली उतारावर तुमच्या ट्रॅक्टरला थांबवता येईल का, हे मात्र कुणी विचारत नाही. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण दोन चाकी की चार चाकी याचं उत्तरही तिथेच आहे.

आपल्याकडे पळणाऱ्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ब्रेक ट्रॅक्टरला, आणि तोही मागच्या दोन चाकांना. आता ढोबळ हिशोब करू. तुमचा ट्रॅक्टर साधारण १.९ टन, त्यातलं १.२ टन वजन मागच्या चाकांवर. ट्रॉलीचं रिकामं वजन दीड टन धरा. तिच्यात एक ब्रास मुरूम भरला. ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि तेवढा मुरूम किंवा वाळू सव्वाचार ते पावणेपाच टन भरते. म्हणजे मागे सहा टन आणि ट्रॅक्टर धरून आठ टन. चाक कितीही दाबून धरलं तरी त्याची रस्त्यावरची पकड त्याच्यावर जेवढं वजन आहे तेवढीच. चार चाकी ट्रॉली आपलं वजन आपल्याच चाकांवर घेऊन चालते, ट्रॅक्टरवर काहीच टाकत नाही. म्हणजे आठ टन थांबवायला १.२ टनाची पकड, सहावा हिस्सासुद्धा नाही. चारही चाकांना ब्रेक असलेली जीप जेवढ्या अंतरात थांबते, त्याच्या सहा-साडेसहा पट अंतर लागणार. दोन चाकी ट्रॉली मालाचा थोडा भार हुकावर टाकते. तो १५ टक्के धरला तर ९०० किलो ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर आले आणि पकड २.१ टनाची झाली. थांबायचं अंतर जीपच्या चौपटीवर आलं. हे सगळं सपाट, कोरड्या डांबरावर आणि ब्रेक ठणठणीत असताना. वीस फुटाला एक फूट असा उतार लागला की चार चाकीच्या बाबतीत त्यातलंही निम्मं बळ जातं.

म्हणून तुमच्यासारख्याला माझं उत्तर दोन चाकी टिपिंग (पेटी जॅकने उचलून माल मागे ओतणारी) ट्रॉली, नावावर तीन ते चार टनाच्या आसपासची. चार चाकी वाईट नाही. सपाट रानात ऊस, चारा, कडबा ओढणाऱ्याला ती सोयीची असते. ट्रॅक्टर सोडून उभी ठेवता येते, दांडा टेकवायला जॅक लागत नाही. पण रिव्हर्स घेताना तिची पुढची फिरकी आणि हूक असे दोन सांधे उलटसुलट वळतात आणि नवखा ड्रायव्हर बांधावर चढतो. उसाच्या हंगामात शहादा-शिरपूरकडे एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या दिसतात. वर केलेला हिशोब त्यांना लावून बघा, मी वेगळं काही सांगायची गरज राहणार नाही.

हुकावर भार किती पडावा, हे आपल्या आज्यांना चांगलं माहीत होतं. बैलगाडी मागून जड झाली की उलाळ व्हायची, जू वर उचलायचं आणि बैलाचा गळा आवळायचा. पुढून जड झाली की बैल मानेवरून दबायचे. ट्रॉलीचंही तसंच. धुरा, म्हणजे चाकांचा ॲक्सल, पेटीच्या बरोबर मध्याखाली न बसवता थोडा मागे बसवतात, तो यासाठी. काही कारागीर टिपिंगचा जॅक कमी दाबात उचलावा म्हणून धुरा नको तेवढा मध्याकडे आणतात. अशा ट्रॉलीत माल मागे सरकला की हूक वर खेचला जातो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेकचा उपयोग राहत नाही. उलट भार फार पुढे गेला तर चढावर ट्रॅक्टर तोंड उचलतो, स्टेअरिंग फिरतं पण गाडी वळत नाही. घेताना एक साधी परीक्षा करा. रिकामी ट्रॉली सपाट जागी ठेवून दांडा उचलायचा प्रयत्न करा. एकट्याने सहज उचलला तर नको. दोन माणसांना जोर लावावा लागला तर ठीक. मुरूम भरताना सुरुवात पुढून करा आणि समोरच्या बंपरवर वजनाच्या पाट्या असतील तर त्या विकून खाऊ नका.

ओढायचं ते खालच्या हुकानेच. टॉप लिंकच्या (अवजाराची वरची दांडी जोडतात त्या) जागेला किंवा लिफ्टच्या हातांवर उंच काही बांधून ओढलं तर ट्रॅक्टर मागच्या धुऱ्याभोवती उलटा फिरतो, आणि ते एवढ्या पटकन होतं की क्लच दाबायला वेळ मिळत नाही. हूक, पिन आणि पिनेच्या खालची काटी ही तीन वस्तू मिळून पाचशे-हजाराच्या. त्यांच्यावर माझा जीव अडकलाय, त्याला कारण आहे. वर्कशॉप नवं होतं तेव्हा एका ओळखीच्याची ट्रॉली आली. पिनेचं भोक झिजून लांबट झालं होतं, पिनेच्या जागी त्याने सळईचा तुकडा घातला होता. मी म्हणालो, ‘आज कापूस खाली करून ये, उद्या बुश टाकून नवी पिन बसवतो.’ घाई त्याचीही होती आणि माझीही. संध्याकाळी गतिरोधकावर सळई तुटली, दांडा रस्त्यात रुतला आणि ट्रॉली बाभळीवर जाऊन आडवी झाली. माणूस कुणी गेला नाही, पण कापसावर बसलेल्या दोन बायांचे हात मोडले. तेव्हापासून वर्कशॉपातून बाहेर जाणाऱ्या ट्रॉलीच्या भोकात मी बोट घालून बघतो. पिन आणि कडा यांच्यात करंगळी शिरली तर ट्रॉली जात नाही, मालक कितीही ओरडो. सोबत एक साखळी दांड्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सैल बांधावी. पिन निसटली तरी ट्रॉली साखळीवर राहते.

आता लोखंडाकडे. तीन टनाच्या ट्रॉलीत पेटी साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड-पावणेदोन फूट उंच असली की एक ब्रास बसतो. खरी गोम इथे आहे: पेटी एक ब्रासाची आणि कागद तीन टनाचा, म्हणजे मुरूम काठोकाठ भरला की तुम्ही दीड टन ओव्हरलोड. कापसाला हीच पेटी अपुरी पडते, म्हणून वर जाळी लावतात. त्यामुळे काढता येणारी जाळी घ्या आणि पेटीचे फाळके उंच करू नका. उंच फाळक्यांची ट्रॉली घरात आली की कधी ना कधी कुणी तरी ती मुरमाने भरतोच. तळाचा पत्रा बाजूच्या पत्र्यापेक्षा जाड हवा. गेजचा आकडा जेवढा लहान तेवढा पत्रा जाड, हे लक्षात ठेवा. विकणारा ‘बारा’ म्हणताना ‘दहा’पेक्षा भारी असल्यासारखा म्हणतो. चॅनेल आडवे किती अंतराने टाकले ते वाकून बघा. वरून रंग सगळ्यांचाच चकाकतो.

धुरा नवा की ट्रकमधून निघालेला, हे सरळ विचारा. जुन्या ट्रकचा धुरा वाईटच असतो असं नाही, पण हबमधली बेअरिंगं नवी हवीत. चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि आडवं हलवून बघा. खडखड ऐकू आली की बेअरिंग गेलं. टायर बहुतेक ९.००-१६ मापाचे येतात. दोन्ही एका मापाचे, एका प्लायचे घ्या, एक रिमोल्ड आणि एक नवा असा संसार करू नका. पाटे (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) घालायचे की नाही हे मालावर आहे. मुरूम-शेणखत वाहणाऱ्याला पाट्याविना चालतं. रावेर-यावलकडचे केळीवाले मात्र पाट्याशिवाय ट्रॉली घेत नाहीत. कडक ट्रॉलीतून शेतातल्या गाडरस्त्याने घड काढले की चेचलेल्या जागा दुसऱ्या दिवशी काळ्या पडतात आणि व्यापारी भाव पाडतो. तुमच्याकडे कपाशी-मका आहे, तुम्ही पाट्यांचा खर्च वाचवू शकता.

दिव्यांवर मी हटून बसतो. ट्रॅक्टरमागे सात पिनांचं सॉकेट असतं, ते कुणी वापरत नाही. तिथून वायर काढून ट्रॉलीच्या मागे लाल दिवे, ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर लावून घ्या. रिफ्लेक्टरची पट्टी पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. पारोळा तर थेट धुळे-जळगाव चौपदरी महामार्गावर. तिथे मागून ट्रक ज्या वेगाने येतो, त्याला अंधारातली कापसाची ट्रॉली शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. जिनिंगच्या रांगेत रात्री उभं राहायचं असेल तर नुसत्या पट्टीवर विसंबू नका, दिवा चालू ठेवा.

आणि रस्त्यावर येताना ब्रेकची दोन पेडलं जोडणारी पट्टी लावली आहे ना, हे बघा. शेतात वळायला आपण ती काढतो आणि तशीच विसरतो. भरलेली ट्रॉली मागे असताना घाईत एकच पेडल दाबलं गेलं की ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते. उताराला लागण्याआधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे ड्रायव्हर मी पाहिलेत, त्यांना मी माझी ट्रॉली देत नाही. जुलै २०२३ मध्ये शिरपूरजवळ पळासनेरला ब्रेक निकामी झालेला ट्रक हॉटेलात घुसला, ते आपल्या भागात सगळ्यांना आठवतं. त्या गाडीला तर सगळ्या चाकांना ब्रेक होते.

आता कागद. पहिली गोष्ट, ट्रॉली हे कायद्याने मोटार वाहनच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर घातलेला आहे. म्हणून तिला स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर आणि स्वतःचा विमा हवा. ‘ट्रॅक्टर पास आहे ना, मग झालं’ ही समजूत चुकीची आहे. दुसरी गोष्ट, केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेतीचा ट्रॅक्टर आणि शेतीची ट्रॉली यांची वेगळी व्याख्या आहे आणि ती शेतमाल व शेतीचं साहित्य वाहण्याशी बांधलेली आहे. शेतीचा ट्रॅक्टर त्यामुळे मालवाहतुकीच्या वाहनांत धरत नाहीत. त्याला परमिट आणि दर दोन वर्षांनी फिटनेस लागत नाही. ही सवलत कामाला मिळालेली आहे, ट्रॅक्टरला नाही. त्याच ट्रॉलीत दुसऱ्याच्या विटा भाडं घेऊन टाकल्या की सवलत त्या खेपेपुरती संपली.

शेजाऱ्याचा कापूस डिझेलच्या खर्चावर बाजारात नेला, तर रस्त्यावर कुणी विचारत नाही आणि तो शेतमाल तरी असतो. विटा, मुरूम, वाळू, सिमेंट यांना मात्र शेतीचं काम म्हणून दाखवायला जागाच नाही. परमिटशिवाय मालवाहतूक केली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ओव्हरलोडला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल तिथेच उतरवायचा खर्च तुमचा. कापूस किंवा कडबा बाजूने, मागून किंवा उंचीने हद्दीबाहेर गेला तरी तेच २०,०००. वाळूचं तर वेगळंच. गिरणा-तापीच्या पात्रातून बिनपरवाना वाळू काढली तर महसूल कायद्याच्या कलम ४८ खाली वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि जप्त झालेला ट्रॅक्टर सोडवायला निराळी रक्कम. ‘रात्रीच्या दोन खेपा मार’ म्हणणारा माणूस त्या दिवशी तहसीलला येत नाही.

पण माझ्या मते दंड ही लहान गोष्ट आहे. मोठी गोष्ट विम्याच्या कागदावरची एक ओळ. तुमची पॉलिसी काढा आणि ‘वापराची मर्यादा’ कुठे लिहिलीय ते शोधा. शेतीच्या ट्रॅक्टरला तिथे शेतीच्या कामापुरता वापर असं लिहिलेलं असतं. वीटभट्टीची माती वाहताना ट्रॉलीवरचा मजूर पडला, ट्रॅक्टरचा विमा शेतीपुरता आणि ट्रॉलीला विमाच नाही, असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २००७ च्या त्या निकालात ही जबाबदारी मुळात विमा कंपनीची नाही असंच ठरलं. अशा वेळी कंपनीने आधी पैसे भरले तरी नंतर ती मालकाकडून वसूल करते. मालकाकडे असतं काय? तीच आठ एकर. कापूस वेचणीला बाया ट्रॉलीत बसवून नेणं, मडगार्डवर गडी बसवणं, लग्नाचं वऱ्हाड, मुक्ताईची वारी, सारंगखेड्याची यात्रा, सगळं आपल्याकडे चालतं. विम्याच्या दृष्टीने ट्रॉलीत माणसाला जागाच नाही. मी स्वतः लहानपणी ट्रॉलीत बसून यात्रेला गेलोय, म्हणून उपदेश करायला जीभ रेटत नाही, पण मडगार्डवर मात्र कुणालाच बसवू नका. तिथून पडणारा थेट मागच्या चाकाखाली जातो.

लायसन्सचं म्हणाल तर शेतीचा ट्रॅक्टर हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालतो आणि मागे ट्रॉली जोडली म्हणून ते लायसन्स बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहनही हलक्या लायसन्सवर चालवता येतं, असा निकाल दिला. पण वरचा हिशोब आठवा: तुमचा ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली मिळून आठ टन. भाड्याचं काम करायचं आणि ड्रायव्हर पगारी ठेवायचा असेल तर त्याच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्टची नोंद करूनच घ्या. अपघातानंतर कोर्टात वजनाचा काथ्याकूट करत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

मग कमर्शियल करावं का? तुमच्या बाबतीत मी नाही म्हणेन. मालवाहतुकीची नोंदणी केली की कर, परमिट, जादा विमा हे बाराही महिने चालू राहतं. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. उन्हाळ्याच्या अडीच महिन्यांच्या विटांवर ते निघणं कठीण. आठवड्याला ठरलेल्या खेपांचा शब्द कुणी भट्टीवाला किंवा ठेकेदार देत असेल, तर वही घेऊन खेपांना गुणा आणि बघा. नुसतं ‘काम मिळेल’ एवढ्यावर करू नका. हंगामात भाडं कमवायचंच असेल तर रोटाव्हेटर, पेरणी, मळणी ही कामं ट्रॅक्टरला शोभतात आणि शेतीच्या चौकटीत राहतात.

राहिली ती बिनकागदाची ट्रॉली. पंचवीस हजार वाचले असं वाटतं, पण तिची नोंदणीच होणार नाही. ट्रॉलीच्या नमुन्याला सरकारमान्य चाचणी संस्थेची मंजुरी लागते, आणि ती असलेला कारखानदारच तुम्हाला विक्रीचा फॉर्म २१ व वाहन नियमांनुसार बनवल्याचा फॉर्म २२ देऊ शकतो. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि विमा नाही म्हणजे वरची सगळी गोष्ट तुमच्या नावाने पुन्हा सुरू. शेतीच्या टिपिंग ट्रॉलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे ‘बिल नको, टॅक्स वाचेल’ या बोलण्यातही आता फार दम राहिलेला नाही.

बघायला जाल तेव्हा एक सुतळी खिशात ठेवा. पेटीचे दोन्ही कर्ण मोजा. फरक आला तर पेटी तिरकी आहे आणि ती टायर खाणार. दांड्याच्या टोकापासून दोन्ही चाकांपर्यंतचं अंतरही तसंच मोजा. चॅनेलवर ठोकलेला चेसिस नंबर बोटाने चाचपून बिलावरच्या नंबराशी जुळवा, कारण रंगाखाली तो कधी कधी पुसट असतो आणि पासिंगच्या दिवशी तेवढ्यासाठी परत यावं लागतं. रिकामं वजन आणि एकूण वजन हे दोन्ही आकडे कागदावर बघून घ्या. त्यांच्यातला फरक तेवढाच तुमचा माल, बाकी विकणारा काहीही सांगो. नवी ट्रॉली घरी नेताना वाटेतल्या काट्यावर रिकामीच चढवून पावती घ्या. आणि एकदम सगळे पैसे देऊ नका, शेवटचे वीस हजार आरसी हातात पडल्यावर.